प्रतिक्रिया नावाचे गद्य

वाङ्मयसमीक्षेचा विषय कोणता असावा, याविषयी आपल्याकडे एक संकोच रूढ झाला आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, फार तर चरित्र आणि प्रवासवर्णन, एवढ्यांवर समीक्षकाने लिहावे. बाकीचे लेखन व्यवहारातले, त्याची दखल घेण्याचे कारण नाही, असे आपण धरून चालतो. परंतु आज मराठी माणूस जे गद्य सर्वांत अधिक लिहितो आणि सर्वांत अधिक वाचतो, ते यांपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत मोबाइलच्या पडद्यावर तो दोनचार ओळींचे जे लेखन करतो, त्याला त्याने स्वतःच ‘प्रतिक्रिया’ असे नाव दिले आहे. तिला लेखक आहे, वाचक आहे, ठरलेली शैली आहे आणि ठरलेले अलंकारही आहेत. तेव्हा तिचा एकदा वाङ्मय म्हणून विचार केला, तर त्यात समीक्षेचा अधिक्षेप होणार नाही.

सर्वच प्रतिक्रियांचा विचार येथे अभिप्रेत नाही. सणाच्या शुभेच्छा, क्रिकेटच्या सामन्यावरचा आनंद, नव्या चित्रपटावरची नाराजी, यांनी कोणाचे फारसे बिघडत नाही. आम्ही विचार करणार आहोत तो ज्या बातमीला वंशाचा, प्रांताचा किंवा भाषेचा दर्प येतो, तिच्यावर घटकाभरात उमटणाऱ्या प्रतिक्रियेचा. मारहाण झाली आणि मारणारा एका भाषेचा व मार खाणारा दुसऱ्या भाषेचा निघाला, की ती प्रतिक्रिया जन्म घेते. तिच्यामुळे माणसे घर सोडून गेली आहेत आणि काही वेळा प्राणासही मुकली आहेत, हे पुढे येईलच.

उदाहरणासाठी फार मागे जावे लागत नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात कल्याण येथील एका खाजगी दवाखान्यात स्वागतकक्षावर काम करणाऱ्या एका मराठी तरुणीस उत्तर भारतीय कुटुंबातील एका तरुणाने लाथ मारून खाली पाडले आणि केस धरून फरफटत नेले. हा प्रकार दवाखान्यातील सीसीटीव्ही कॅमेऱ्याने टिपला आणि ती चित्रफीत एका दिवसात सर्वत्र पोहोचली. वातावरण आधीच तापलेले होते. प्राथमिक शाळेत तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासनाचे निर्णय याच वर्षी एप्रिल व जून महिन्यांत निघाले होते आणि २९ जून रोजी ते मागे घेण्यात आले होते. मराठीच्या प्रश्नावरून मीरा रोड येथे एका दुकानदारास मारहाण झाली होती आणि त्यावरून दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले होते. त्यामुळे कल्याणची चित्रफीत पाहताना बहुतेकांनी एक माणूस एका तरुणीला मारतो आहे असे पाहिलेच नाही. एक प्रांत दुसऱ्या प्रांताला मारतो आहे, असे त्यांनी पाहिले, आणि तसेच लिहिले.

पुढे एकदोन दिवसांतच दुसरी चित्रफीत बाहेर आली. तीत असे दिसले की, हा हल्ला होण्यापूर्वी त्या तरुणीने त्या तरुणाच्या नात्यातील एका स्त्रीस थप्पड मारली होती. ती येताच लेखणी दुसऱ्या बाजूच्या हातात गेली. काल ज्यांनी एका समाजाला गुंड ठरविले होते ते गप्प झाले, आणि काल जे गप्प होते त्यांनी दुसऱ्या समाजाला उर्मट ठरविले. येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. दुसऱ्या चित्रफितीने पहिलीतील अपराध पुसला जात नाही. थप्पड गैर, आणि लाथ मारून केस धरून फरफटवणे त्याहून कितीतरी गैर. आरोपीस अटक झाली ती योग्यच झाली. आमचा मुद्दा अपराधाच्या तोलमापाचा नाही. तो लेखनाचा आहे.

कारण लेखन म्हणून पाहिले, तर त्या दोन दिवसांच्या प्रतिक्रिया एकमेकींच्या सख्ख्या बहिणी होत्या. दोघींची वाक्यरचना एकच होती, फक्त नाम बदलले होते. ‘हे लोक असेच’, ‘यांना एकदा धडा शिकविलाच पाहिजे’, ‘आता तरी डोळे उघडा’, ‘आमच्याच भूमीत आम्हांला’ अशी ही ठरीव वाक्ये. ‘हे लोक’ या दोन शब्दांकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहावे. अपराध करणारा एक होता आणि क्रियापद एकवचनी असायला हवे होते. प्रतिक्रियेने पहिल्याच फटक्यात त्याचे अनेकवचन केले, आणि त्या अनेकवचनात ज्यांनी कल्याण कधी पाहिले नाही अशी कोट्यवधी माणसे आली. मराठीत एखाद्या वडीलधाऱ्याला आदराने अनेकवचन लावण्याची रीत आहे. अनादराने लावलेले हे अनेकवचन आमच्या भाषेला अलीकडे जडलेले आहे.

यावरून या प्रकारच्या लेखनाची एक कसोटी हाती लागते. कोणतीही प्रतिक्रिया वाचताना एवढेच विचारावे की, हे वाक्य घटना घडण्यापूर्वीच लिहिता आले असते काय? आले असते, तर ते त्या घटनेविषयीचे वाक्यच नव्हे. ते लिहिणाऱ्याच्या मनात आधीपासून तयार होते. घटनेने त्याला बाहेर पडण्यास निमित्त तेवढे दिले. कल्याणविषयीच्या शंभर प्रतिक्रिया घेतल्या, तर त्यांतील फार थोड्या या कसोटीला उतरतील. त्या तरुणीने काय सांगितले, दवाखान्यात गर्दी किती होती, डॉक्टर कोणाशी बोलत होते, थांबा म्हटल्यावर वाद कसा वाढत गेला, यांपैकी काहीही त्यांत नाही. कथालेखक ज्या तपशिलावर जगतो आणि न्यायाधीश ज्या तपशिलावर निकाल देतो, तो तपशीलच या गद्यातून गळालेला असतो. उरतो तो निष्कर्ष, आणि तोही शिळा.

हा मजकूर आम्ही लिहीत आहोत तो झांशी जिल्ह्यात बेतवेच्या काठी वसलेल्या एरच या गावाहून, आणि हे सांगण्याला कारण आहे. या भागातील माणसे पाऊस दगा देतो त्या वर्षी, आणि पुष्कळदा न दगा देणाऱ्या वर्षीही, पोटासाठी बाहेर पडतात. कोणी दिल्लीस जातात, कोणी सुरतेस, कोणी मुंबई-पुण्यास. म्हणजे कल्याणची चित्रफीत पाहून मराठी माणूस ‘हे लोक’ असे लिहितो, तेव्हा त्या शब्दांत ज्यांचा समावेश होतो त्यांचे आईबाप येथे राहतात. त्यांच्याही हातात मोबाइल आहे. तीच चित्रफीत तिकडे एका अर्थाने फिरते आणि इकडे दुसऱ्या अर्थाने. तिकडे ‘हे लोक’ म्हणजे ते, इकडे ‘हे लोक’ म्हणजे आम्ही. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांस हा अनुभव नवा नाही. येथे परप्रांतीय आहोत ते आम्ही आहोत. आमची मुले येथील शाळांत जातात, आमच्या घरी आजारपण आले की शेजारची हिंदी बोलणारी काकीच प्रथम धावून येते, आणि आमच्या उच्चारातील ‘ळ’ ऐकून बाजारातला दुकानदार हसतो तो प्रेमाने हसतो. तो उद्याही तसाच हसावा, हे ठाण्या-पुण्यात बसून लिहिलेल्या चार ओळींवर काही अंशी अवलंबून आहे. त्या ओळी लिहिणाऱ्याला याची कल्पनाही नसते.

या प्रदेशाशी मराठी गद्याचे एक जुने नाते आहे, आणि प्रस्तुत विषयात त्याचा मोठा उपयोग आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेच्या यज्ञात चार पैसे दक्षिणा मिळेल या आशेने. ते सापडले मात्र बंडाच्या वणव्यात. १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोज याच्या फौजेने झांशीला वेढा घातला, तेव्हा हा गरीब भिक्षुक शहरातच होता. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने आपल्या हाताने पुष्कळ फेरफार करून प्रसिद्ध केली, आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखिताबरहुकूम ती वाचकांपुढे ठेवली. झांशी जिल्ह्यात बदली होऊन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ती एकदा तरी वाचावी.

त्या पुस्तकाचे मोल कशात आहे? गोडसे भटजी मोठे पंडित नव्हते, राजकारण त्यांना कळत होते असेही नाही. परंतु जे त्यांनी डोळ्यांनी पाहिले ते त्यांनी पाहिल्यासारखे लिहिले. वेढ्यातील रात्री, तोफांचे गोळे, शहर पडल्यावरची कत्तल, लपून काढलेले दिवस, लुटीत नष्ट झालेला पुस्तकसंग्रह, हे सारे वाचताना आपण त्या गल्लीत उभे असतो. यांतील एकही वाक्य घटना घडण्यापूर्वी लिहिता आले नसते. त्याच पुस्तकात ऐकिवाचा भागही आहे. इंग्रजांनी राजेरजवाड्यांची कलकत्त्यास सभा भरवून धर्मबुडवी चौऱ्यायशी कलमे त्यांच्यापुढे ठेवली, ही हकीकत त्यांना वाटेत भेटलेल्या शिपायांकडून कळली. अशा सभेला इतिहासात आधार सापडत नाही. तो त्या काळचा बोभाटा होता. म्हणजे एकाच लेखकाचे एकच पुस्तक, पण पाहिलेले लिहिताना तो इतिहासाला कायमचे साधन देतो आणि ऐकलेले लिहिताना अफवेचा धनी होतो. तरीही गोडसे भटजींच्या बाजूने एवढे म्हणता येते की, ऐकलेली गोष्ट कोणाकडून ऐकली हे ते सांगतात. आजची प्रतिक्रिया तेवढेही सांगत नाही. ‘आलेले पुढे पाठवीत आहे’ एवढीच तिची सनद.

पुढे पाठविण्याचा हा प्रकारही नवा नाही. १८५७ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरल्या. एका गावच्या चौकीदाराने दुसऱ्या गावच्या चौकीदाराला द्याव्या, त्याने तशाच आणखी करून पुढच्या गावी पोहोचवाव्या. का, ते नेणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि घेणाऱ्यालाही. त्यांचा अर्थ काय, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. अर्थ ठाऊक नसताना निष्ठेने पुढे पोहोचविण्याची ही वृत्ती मनुष्यस्वभावात खोल रुजलेली दिसते. फरक एवढाच की चपाती पोहोचायला रात्रभर चालावे लागे आणि चालताना माणसाला विचार करण्यास वेळ मिळे.

हा वेळ हाच जुन्या लेखनव्यवहाराचा खरा संपादक होता. पूर्वी वर्तमानपत्रात ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ येई, त्यातही राग असे, प्रांताभिमान असे, क्वचित शिवीगाळही असे. परंतु पत्र लिहायला बसावे लागे, पाकीट आणावे लागे, टपाल निघेपर्यंत राग थोडा उतरे. पत्राखाली नाव आणि गाव घालावे लागे. मग ते संपादकाच्या हाती पडे आणि तो त्यातले निम्मे कापी. प्रतिक्रियेच्या वाटेवर यांपैकी एकही चौकी नाही. म्हणून तिची सर्व जबाबदारी लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या शिरावर येते, आणि नेमकी तीच तो घेत नाही.

परिणाम काय होतात, ते पाहावे. २०१२ च्या जुलैत आसामातील कोक्राझार भागात दंगली झाल्या. त्यांच्या नावाने भलत्याच ठिकाणची आणि जोडाजोड केलेली चित्रे देशभर फिरली. ऑगस्टमध्ये पुण्यात ईशान्येकडील तरुणांवर हल्ले झाले. मार खाणाऱ्यांत मणिपूरचे तरुण होते. कोक्राझारच्या भांडणाशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण चेहऱ्याचे साम्य पुरेसे ठरले. मग ‘आता तुमच्यावर मोठा हल्ला होणार’ असे निरोप त्यांच्याच मोबाइलवर येऊ लागले, आणि १५ ऑगस्टच्या सुमारास बंगळूर, पुणे व इतर शहरांतून हजारो माणसे मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाली. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. एका वेळी पाचांहून अधिक एसएमएस पाठविण्यास केंद्र सरकारला काही दिवस बंदी करावी लागली. ज्या शहराला आपण विद्येचे माहेरघर म्हणतो, तेथून विद्यार्थी जीव मुठीत धरून पळाले, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

दुसरे उदाहरण अधिक भीषण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले भटके लोक होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे निरोप त्या भागात मोबाइलवरून फिरत होते. बाजाराच्या दिवशी अनोळखी माणसे दिसली, त्यांनी एका मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केल्याचा संशय आला, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांचा अंत करण्यात आला. मारणारे आणि मरणारे दोघेही महाराष्ट्रातलेच. परके कोण, हे ठरविण्याची एकदा घाई झाली की परकेपणाला प्रांताची सीमाही लागत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, असा निर्बंध घातला. यंत्राने तेवढे केले. माणसाने काय केले, हा प्रश्न उरतोच.

आणि २०२५ च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या लोकल गाडीत हिंदीत बोलल्यावरून आपल्या मुलास मारहाण झाली आणि त्या धक्क्याने त्याने आत्महत्या केली, असा आरोप एका पित्याने केला. तो तरुण मराठी होता. परक्यासाठी आखलेली रेघ आपल्याच मुलाच्या अंगावरून कशी जाते, याहून अधिक बोलके उदाहरण सांगण्याची आमची इच्छा नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, कल्याणची चित्रफीत लोकांनी उचलून धरली नसती, तर त्या तरुणीची तक्रार कोणी ऐकली असती काय? गरीब माणसाच्या फिर्यादीला वजन येते ते गाजावाजा झाल्यावरच, हे नोकरीत चार वर्षे काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आणि मराठी माणसाला स्वतःच्या राज्यात आपल्या भाषेचा आग्रह धरण्याचा हक्क नाही काय? आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले ते एकशेसहा हुतात्म्यांच्या बलिदानानंतर. त्या राज्यात मराठीला मान मिळावा ही मागणी न्याय्यच आहे, आणि येथे दूर राहून आम्हांला ती अधिकच तीव्रतेने वाटते. परंतु या आक्षेपात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. चित्रफीत ही साक्ष आहे. ती पोलिसांपर्यंत, न्यायालयापर्यंत, वर्तमानपत्रापर्यंत पोहोचवणे हे नागरिकाचे काम आहे. ‘हे लोक असेच’ ही साक्ष नव्हे. तिने त्या तरुणीच्या खटल्याला काडीचाही आधार मिळत नाही. उलट दुसरी चित्रफीत आली की तिच्या बाजूने बोलणारे सगळेच खोटे पडल्यासारखे दिसतात. ज्यांनी पहिल्या दिवशी एवढेच लिहिले असते की, एका माणसाने एका मुलीवर अमानुष हल्ला केला, त्यास शासन व्हावे, त्यांना दुसऱ्या दिवशी एक अक्षरही बदलावे लागले नसते. संयमाने लिहिलेले वाक्य दुबळे नसते. ते टिकते.

कायद्याने हे आवरेल, अशी आशा काही जण बाळगतात. वंश, जन्मस्थान, निवास, भाषा इत्यादी कारणांवरून समाजांत वैर पसरविणे हा पूर्वीच्या दंडसंहितेप्रमाणे अपराध होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या १९६ व्या कलमाप्रमाणेही तो आहे. तो असावाच. पण कायद्याचा हातही घाईने पडला तर काय होते, हे आपण पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर आपले मत लिहिले आणि दुसरीने ते आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्या तरुणीच्या लेखनात कोणाही समाजाविषयी वैर नव्हते. म्हणजे अविचारी प्रतिक्रिया एकट्या जमावाचीच असते असे नाही. शासनाचीही असू शकते. तेव्हा हे नियमन शेवटी लिहिणाऱ्याच्या अभिरुचीनेच व्हायला हवे, आणि अभिरुची घडविणे हे समीक्षेचे काम होय.

ही अभिरुची मराठीला परकी नाही. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पानिपतासंबंधीची अस्सल पत्रे लोकांपुढे ठेवली. बखरी रसाळ होत्या आणि लोकप्रिय होत्या, पण त्यांतील माणसांची नावे, तिथी आणि क्रम पत्रांशी ताडून पाहण्याची शिस्त त्यांनी मराठी वाचकाला लावली. आधी साधन, मग मत, हा त्या शिस्तीचा सारांश. त्यांची सगळीच मते पुढच्या पिढीने स्वीकारली असे नाही, पण ती खोडून काढतानाही त्यांच्याच शिस्तीचा आधार घ्यावा लागला. ज्या भाषेत ही शिस्त शंभरांहून अधिक वर्षे आहे, तिने दोन मिनिटांच्या चित्रफितीवर एका समाजाचा निकाल द्यावा, ही गोष्ट त्या भाषेला शोभत नाही.

आमच्या वाचकांपुरते बोलायचे, तर ही शिस्त त्यांना राजवाड्यांकडून शिकण्याचेही कारण नाही. ते ती रोज पाळतात. कोणताही तलाठी, फौजदार वा अभियंता पंचनामा लिहितो तेव्हा तो काय लिहितो? जागा कोणती, वेळ कोणती, समक्ष कोण हजर होते, काय आढळले. ऐकीव गोष्ट असेल तर ती ऐकीव म्हणून, सांगणाऱ्याच्या नावासह. ‘हे लोक असेच’ असा शेरा त्याने फायलीवर मारला, तर वरिष्ठ ती फाईल परत पाठवतील, आणि ते योग्यच होईल. पंचनाम्याच्या भाषेला आपण रुक्ष म्हणून हसतो; परंतु तिच्या रुक्षपणात अनोळखी माणसाविषयीचा मोठा आदर आहे. समोरचा माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या प्रांताचा याचा विचार न करता, त्याने काय केले एवढेच ती विचारते. कचेरीत सहा वाजेपर्यंत असे लिहिणारा हात रात्री नऊ वाजता मोबाइलवर वेगळे लिहितो, तेव्हा त्याने नोकरीबरोबर आपले उत्तम गद्यही कचेरीतच ठेवलेले असते.

एरच हे गाव स्वतःची कथा अभिमानाने सांगते. ही हिरण्यकश्यपूची राजधानी, जवळच्या डिकौलीच्या डोंगरावरून प्रल्हादाला बेतवेत लोटले ते येथेच, आणि होळी पहिल्यांदा पेटली तीही येथेच, असे येथील आबालवृद्ध मानतात. याच गावाच्या परिसरात ब्राह्मी अक्षरांच्या विटा आणि नाणी सापडली. त्यांवर शतानीक, दाममित्र यांसारखी राजांची नावे वाचली गेली. पाली ग्रंथांतील दशार्ण देशाचे ‘एरकच्छ’ ते हेच, असे अभ्यासक मानतात. कथा ही कथा म्हणून सांगितली जाते, वीट ही वीट म्हणून जपली जाते. दोन्हींचा मान राखता येतो, फक्त एकीला दुसरीच्या जागी बसवायचे नाही. येथील साध्या माणसालाही एवढे उमगते.

आणि त्या कथेतील होलिकेचा विसर पडू देऊ नये. अग्नी मला जाळणार नाही, अशी तिची खात्री होती, म्हणूनच ती दुसऱ्याच्या मुलाला मांडीवर घेऊन चितेवर बसली. दूरवरच्या कोणत्या तरी समाजाविषयी चार ओळी लिहून पुढे धाडणाऱ्याचीही अशीच खात्री असते की, याची झळ आपल्याला लागणार नाही. परमुलखात राहणाऱ्या आम्हां मंडळींना ती खात्री परवडणारी नाही, कारण तिकडे पेटलेले पोहोचते ते प्रथम आमच्या अंगणात. म्हणून आमची आमच्या वाचकांस एवढीच विनंती आहे: अशी बातमी आली की लिहिण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी लिहावेसे वाटलेच, तर पंचनाम्यात सही करताना जेवढी काळजी घेतो तेवढी घेऊन लिहावे.